एम.एस्सी.ला जीवशास्त्राची कोणती शाखा? मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

टी.वाय.चं, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचं, पाचवं सत्र सुरू झालं की जीवशास्त्राच्या वर्गांत एकच प्रश्न फिरू लागतो: स्कोप कशाला आहे? कोणी बायोटेक म्हणतं, कोणी मायक्रो. नात्यातलं कोणीतरी फोनवर सांगतं की आता सगळं बायोइन्फॉर्मेटिक्समध्येच (संगणकावर जैविक माहितीचं विश्लेषण) आहे. निर्णय मात्र होत नाही. मग निकालानंतर गुणवत्ता याद्या लागतात, जिथे नाव आलं तिथे घाईघाईत फी भरली जाते, आणि दिवाळीच्या सुमारास कळतं की दिवसभर बंद खोलीत पिपेट धरून उभं राहणं आपल्याला सोसत नाही.

पदवीच्या मुलांना शिकवताना हे दरवर्षी दिसतं, म्हणून हा लेख जरा तपशिलात लिहिते आहे. शाखा ठरवताना तीन गोष्टी बघा. त्या शाखेत रोज हाताने काय करावं लागतं, तुम्हाला हव्या त्या नोकरीच्या जाहिरातीत पदवीचं नाव काय छापलेलं असतं, आणि ज्या विभागात तुम्ही जाणार तिथे प्रकल्प कोण, कसा करून घेतं. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत आणि हा क्रम शक्यतो मोडू नका.

पायरी पहिली: विषयाआधी काम बघा

रोगप्रतिकारशास्त्राचा धडा आवडला म्हणजे रोगप्रतिकारशास्त्रातलं काम आवडेलच असं नाही. धडा दोन दिवसांत संपतो, काम पुढची कित्येक वर्षं करायचं असतं. ढोबळमानाने जीवशास्त्रातली कामं चार ठिकाणी होतात: बेंचवर (म्हणजे प्रयोगशाळेतल्या टेबलावर), फील्डवर, संगणकासमोर आणि कागदपत्रांच्या टेबलावर.

बेंचवरचं काम कसं असतं ते सूक्ष्मजीवशास्त्रावरून बघू. मीडियाची, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या पोषक माध्यमाची, पावडर तोलायची, विरघळवायची, पीएच लावायचा, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली १५ मिनिटं निर्जंतुक करायचं. मग लॅमिनारसमोर (निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) बसून प्लेटा ओतायच्या, नमुना पसरायचा, उबवणीयंत्रात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या. औषध कंपनीत निर्जंतुकतेची चाचणी लावली तर नमुना १४ दिवस उबवून ठेवावा लागतो आणि मधल्या काळात माध्यम गढूळ झालं का यावर नजर ठेवावी लागते. प्रत्येक टप्प्याची नोंद, वेळ आणि सही. खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर एक रेघ मारून, शेजारी सही-तारीख घालून दुरुस्त करायची. ज्याला अशी शिस्त मनापासून आवडते त्याला या कामात फार समाधान मिळतं. ज्याला रोज काहीतरी नवं हवं असतं तो सहा महिन्यांत कंटाळतो.

पेशीसंवर्धनाचं आणखी वेगळं. पेशींना शनिवार-रविवार कळत नाही. हार्बर लाइनवर मेगाब्लॉक असला तरी माध्यम बदलायला खारघरला किंवा परळला पोहोचावंच लागतं. वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रतिपिंड वापरून नमुन्यातलं ठरावीक प्रथिन शोधायची चाचणी, एकदा करायला सहज दोन दिवस जातात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टीवर काहीच उमटलं नाही असं कितीदा तरी होतं. तोच प्रयोग पुन्हा लावायला बसताना तुमच्या मनात "आता प्रतिपिंडाचं प्रमाण बदलून बघू" असं येतं की "कशाला आलो इथे" असं येतं, हे स्वतःला विचारा. पहिलं येत असेल तर बेंच तुमची आहे.

फील्डचं काम बाहेरून जितकं मोकळं दिसतं तितकंच ते वेळेला बांधलेलं असतं. ठाणे खाडीच्या काठी कांदळवनात काम करायचं तर तुमचा दिवस ओहोटी ठरवते, आणि ती कधी पहाटे साडेचारलाही असते. तिवरांच्या श्वसनमुळांमधून गुडघाभर चिखलात चालायचं, क्वाड्रॅट (ठरावीक मापाची चौकट) टाकायचा, आतले खेकडे आणि गोगलगायी मोजायच्या, चिखलाचा नमुना घ्यायचा, आणि भरती यायच्या आत बाहेर पडायचं. मग खरा वेळ जातो तो घरी आल्यावर, आकडे भरण्यात आणि सांख्यिकीत. परिसंस्थाशास्त्राला गणित लागत नाही ही समजूत मुलांमध्ये फार घट्ट आहे आणि ती पार चुकीची आहे. 'आर' ही सांख्यिकीची संगणकीय भाषा न येता आज या क्षेत्रात कोणी टिकत नाही.

संगणकावरच्या कामाबद्दल एवढंच सांगते: बायोइन्फॉर्मेटिक्समधला बराचसा वेळ माहिती स्वच्छ करण्यात जातो. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं, पायथनमधली चूक शोधत तासन्‌तास बसणं हे आवडलं पाहिजे. जीवशास्त्रातलं प्रॅक्टिकल नकोसं झालं म्हणून इकडे येऊ नका.

चौथं ठिकाण म्हणजे कागदपत्रांचं टेबल, आणि त्याचा विचार पदवीला कोणीच करत नाही. ऐरोली, पवई, अंधेरी इथल्या कार्यालयांमध्ये औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणं, क्लिनिकल ट्रायलची कागदपत्रं सांभाळणं, नियामक मंजुरीचे अर्ज तयार करणं, वैद्यकीय लेखन करणं ही कामं एम.एस्सी. झालेली असंख्य मुलं करतात. औषधाचा गंभीर आणि अनपेक्षित दुष्परिणाम १५ दिवसांच्या आत नियामकांना कळवायचा असतो, त्यामुळे घड्याळाचा दट्ट्या कायम असतो. इंग्रजी वाचन-लेखन पक्कं लागतं. बेंचवर उभं राहणं ज्यांना जमत नाही पण जीवशास्त्र सोडायचं नाही, त्यांनी याकडे कमीपणाने बघू नये.

आता हे पारखायचं कसं? एस.वाय. आणि टी.वाय.च्या सुट्ट्या त्यासाठीच आहेत. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम असतो. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी जीवशास्त्राची शिबिरं घेत आलं आहे. फोर्टला हॉर्नबिल हाउसमधली, १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निसर्गभ्रमंती आणि छोटे अभ्यासक्रम चालवते. यातलं काहीच मिळालं नाही तर आपल्याच कॉलेजच्या प्रयोगशाळा साहाय्यकांना विचारा: आठवडाभर प्रॅक्टिकलची तयारी मी करू का? मीडिया बनवणं, स्टेन गाळणं, काचसामान धुऊन वाळवणं हे सलग केल्यावर आपला हात आणि आपलं मन कुठे रमतं ते चांगलं समजतं. त्यासाठी एक रुपया लागत नाही.

पायरी दुसरी: जाहिरातीपासून उलटं या

ही पायरी मुलं हमखास गाळतात. तुम्हाला कुठे काम करायचं आहे त्या पदाच्या पाच-सहा खऱ्या जाहिराती शोधा आणि त्यातला शैक्षणिक पात्रतेचा परिच्छेद शब्द न्‌ शब्द वाचा. शाखेचं नाव तिथे किती कामाचं ठरतं ते पुढच्या दोन उदाहरणांवरून कळेल.

भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पदवीत किमान एक विषय असा लागतो: पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र, नाहीतर कृषी, वनविद्या वा अभियांत्रिकीची पदवी. या यादीत जैवतंत्रज्ञान नाही आणि सूक्ष्मजीवशास्त्रही नाही. म्हणजे बिबट्यांच्या प्रेमापोटी वन सेवेत जायचं ठरवलं असेल तर तुमच्या बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेत यादीतला विषय आहे का हे आधी बघावं लागेल. ही अट पदवीची आहे, एम.एस्सी. करून ती भरून निघत नाही.

आता दुसरं टोक. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, तेल तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक यांच्या जोडीला जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र ही नावं आहेत. इथे वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र नाहीत. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांना, दोन्ही हुशार, एक दार उघडं आणि दुसरं बंद, ते फक्त विषयाच्या नावामुळे.

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं असेल तर जाहिरातींत वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राची एम.एस्सी. आणि बी.एड. अशी मागणी सर्रास दिसते. वरिष्ठ महाविद्यालयासाठी नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा लागते, पण नेट 'जीवविज्ञान' या एकाच विषयात असली तरी पद मात्र विशिष्ट विभागाचं असतं आणि तिथे तुमची एम.एस्सी. कशात आहे हे विचारलं जातं. वंध्यत्व उपचार केंद्रांत भ्रूणतज्ज्ञ व्हायचं मनात असेल तर २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखालचे नियम वाचा. कोणत्या पदव्युत्तर पदवीनंतर किती अनुभव हवा हे त्यात ठरवून दिलं आहे. रस्तोरस्ती चालणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या प्रमाणपत्र वर्गांना पैसे देण्याआधी हे वाचाच.

संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी गोष्ट उलटी आहे. तिथे नावाचा बाऊ करायची गरज नाही. सीएसआयआर-यूजीसी नेटचा जीवविज्ञानाचा पेपर सगळ्यांना एकच, २०० गुणांचा, आणि अभ्यासक्रमात १३ घटक: रेणूंपासून परिसंस्थेपर्यंत, त्यात संशोधनपद्धतीही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. खुल्या गटाला तिची वयोमर्यादा ३० वर्षे आहे, म्हणून मध्ये वर्षं वाया घालवू नका. गेट परीक्षेत जीवविज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि परिसंस्था व उत्क्रांती असे तीन वेगळे पेपर आहेत, तिथे मात्र तुमच्या शाखेप्रमाणे निवड करता येते. पीएच.डी.ला घेणारा मार्गदर्शक तुमच्या पदवीच्या नावापेक्षा तुम्ही एम.एस्सी.त कोणतं काम हाताने केलं ते विचारतो.

तेव्हा एका कागदावर तीन रकाने आखा: मला हवं असलेलं पद, त्यासाठी मान्य विषयांची नावं, आणि माझ्या बी.एस्सी.चा विषय त्यात बसतो का. हा कागद भरल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

पायरी तिसरी: मुंबईत काय काय मिळतं

सूक्ष्मजीवशास्त्र. दोन वर्षांत नोकरीला लागायचं असेल तर मुंबई-ठाणे-रायगड पट्ट्यात मला सर्वांत भक्कम वाटणारी शाखा हीच. औषध कंपन्या, अन्नपदार्थांच्या तपासणी प्रयोगशाळा, पाणी तपासणी, रुग्णालयं, सगळीकडे हिचं काम आहे. या शहराचं सूक्ष्मजीवशास्त्राशी नातंही जुनं आहे. १८९६च्या प्लेगनंतर जिवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी इथेच लस तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था १८९९ सालची. नाही म्हणायला सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि कारखाने अंबरनाथ, तारापूर, महाड अशा ठिकाणी असतात, शिफ्टही असते. मुलींच्या घरून इथे विरोध होतो. त्याबद्दल आधीच घरी बोलून घ्या, नियुक्तिपत्र हातात आल्यावर नको.

जैवतंत्रज्ञान. या नावाचं वलय अजून गेलेलं नाही. चांगल्या विभागात ही शाखा उत्तमच आहे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात जैवतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पवईच्या आयआयटीत जैवतंत्रज्ञानाची एम.एस्सी. 'जॅम' या एम.एस्सी.च्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून मिळते. पण बऱ्याच महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम विनाअनुदानित, म्हणजे फी जास्त, आणि यंत्रं कपाटात. जैवतंत्रज्ञान हे तंत्रांचं शिक्षण आहे. तंत्र हाताने न करता केवळ वहीत उतरवलं तर त्या पदवीत काही उरत नाही. म्हणून ही शाखा घेताना चौथी पायरी इतरांपेक्षा दुप्पट काळजीने करा.

जीवविज्ञान आणि जीवरसायनशास्त्र. कलिनाला जीवविज्ञान आणि जैवभौतिकी असे विभाग आहेत, सेंट झेवियर्समध्ये जीवविज्ञानाची एम.एस्सी. आहे. पीएच.डी.चा विचार असेल आणि अजून नेमका विषय ठरलेला नसेल तर मी नेहमी अशी रुंद शाखा सुचवते. मुंबईत पुढे जायला दारं पुष्कळ आहेत: कुलाब्याच्या टाटा संस्थेचा जीवशास्त्र विभाग, कर्करोगावर काम करणारं खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, परळची प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था, केईएम रुग्णालयाच्या आवारातली रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था. 'बॉम्बे रक्तगट' १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात शोधला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिकवली जाणारी गोष्ट आपल्या लोकलच्या अंतरावर घडली, हे मुलांना मी मुद्दाम सांगते.

वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र. हे विषय जुने झाले असं समजून मुलं पाठ फिरवतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. शिक्षकी पेशा, वन विभागाच्या परीक्षा, पर्यावरण परिणाम अहवालांसाठी लागणारं सर्वेक्षण या सगळ्याला वनस्पती आणि प्राणी ओळखता येणारी माणसं हवी असतात, आणि ती दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत. शिवाय 'वनस्पतिशास्त्र' या नावाखाली अंतर्गत शाखा पूर्ण वेगळ्या असतात: आवृत्तबीजींचं (फुलं येणाऱ्या वनस्पतींचं) वर्गीकरण घेणारा विद्यार्थी सह्याद्रीत हिंडतो, पेशीआनुवंशिकी घेणारा सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजतो, कवकशास्त्र घेणारा पिकांच्या रोगांवर काम करतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकिरणाने उत्परिवर्तन घडवून काढलेला 'टीएजी-२४' हा भुईमुगाचा वाण शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. तेही वनस्पतींवरचंच संशोधन. प्राणिशास्त्रात शरीरक्रियाशास्त्र आणि समुद्रविज्ञान यांचा एकमेकांशी फारसा संबंध राहत नाही. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात चार अंतर्गत शाखा छापलेल्या असतात, प्रत्यक्षात त्या वर्षी एकच चालते, असं होतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी फोन करून विचारा: यंदा कोणती चालणार?

समुद्र आणि मासे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, अभिमत विद्यापीठ. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांपैकी बहुतेकांना मत्स्यविज्ञानाची पदवी लागते, त्यामुळे प्राणिशास्त्रवाल्यांनी आधी पात्रता वाचावी. तिथे बसत नसेल तर प्राणिशास्त्रातून समुद्रविज्ञान घेऊन त्याच दिशेने जाता येतं. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ सालचा, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५चं, आणि २०२२मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. किनाऱ्याची जैवविविधता जाणणाऱ्यांसाठी गेल्या दहा-बारा वर्षांत कामं वाढली आहेत. त्यातली अनेक प्रकल्पापुरती, करारावरची असतात, हे लक्षात ठेवून या.

वन्यजीव. संजय गांधी उद्यान उशाशी असूनही वन्यजीवशास्त्राच्या नावाजलेल्या एम.एस्सी.साठी मुंबई सोडावी लागते: डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. जागा अगदी मोजक्या असतात आणि प्रवेश दरवर्षी निघतातच असं नाही. ज्यांना जायचं आहे त्यांनी एस.वाय.पासूनच फील्डचा अनुभव जमवावा.

बायोइन्फॉर्मेटिक्ससाठी माटुंग्याच्या गुरू नानक खालसा महाविद्यालयाचं नाव आहे. बायोअ‍ॅनालिटिकल सायन्सेस हा औषधी विश्लेषणाकडे झुकणारा अभ्यासक्रम माटुंग्यालाच रुईयात आहे. उपकरणं हाताळण्याची आवड असणाऱ्यांनी तो जरूर बघावा, बाहेर त्याची फारशी चर्चा होत नाही. पर्यावरणशास्त्र घेताना विभागाचा भर प्रदूषण मोजण्यावर आहे की जैवविविधतेवर, एवढं विचारून घ्या.

पायरी चौथी: विभागात स्वतः जा

संकेतस्थळ बघून विभाग कळत नाही. एक दिवस काढा, शक्यतो दुपारी दोननंतर, कारण तेव्हा प्रॅक्टिकल चालू असतात. सर-मॅडमना आधी ईमेल करून वेळ मागा. बहुतेक जण आनंदाने देतात. गेल्यावर सध्याच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींशी कँटीनमध्ये बोला, आणि असे साधे प्रश्न विचारा. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) तुम्ही स्वतः लावला की दहा जणांत एकाने लावला आणि बाकीच्यांनी बघितला? रसायनं वेळेवर येतात का? प्रकल्प कॉलेजात झाला की बाहेर, आणि बाहेरची जागा विभागाने मिळवून दिली की तुम्हीच वणवण केली? तासिका तत्त्वावरचे शिक्षक किती, कायमचे किती? गेल्या वर्षीचे ताई-दादा आता कुठे आहेत?

मागच्या तुकडीच्या प्रकल्पांची यादी मागायला संकोच करू नका. ती यादी विभागाबद्दल फार काही सांगून जाते. सगळे प्रकल्प एखाद्या वनस्पतीच्या अर्काची जिवाणूविरोधी क्षमता तपासणारे असतील, तर तिथे रसायनं आणि वेळ दोन्हींची टंचाई आहे असं मी समजते. यादीत तीन-चार वेगळे विषय, बाहेरच्या संस्थांबरोबरचं काम, एखादा शोधनिबंध दिसला तर विभाग जिवंत आहे.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.त संशोधन पद्धतीचा विषय, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. एक वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे. या प्रशिक्षणासाठी विभागाने कोणत्या कंपन्या किंवा संस्थांशी बोलून ठेवलं आहे, हा प्रश्न यादीत घाला. उत्तर "मुलं आपापलं बघतात" असं आलं तर ती जबाबदारी तुमच्यावर आहे हे गृहीत धरा.

पायरी पाचवी: तारखा चुकवू नका

चांगल्या जागा निसटतात त्या हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, फॉर्मच भरला नाही म्हणून. टाटा संस्थेची जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा साधारण डिसेंबरात होते. 'जॅम'चे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी मार्चच्या आसपास, जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठीची गॅट-बी त्यानंतर. मुंबई विद्यापीठाचे आणि स्वायत्त महाविद्यालयांचे प्रवेश टी.वाय.च्या निकालानंतर, आणि स्वायत्त महाविद्यालयांच्या तारखा एकमेकांशी जुळतातच असं नाही. रुईया, झेवियर्स, मिठीबाई, जय हिंद यांची संकेतस्थळं मेपासून दर दोन दिवसांनी उघडून बघा. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून नेमका दिवस अधिकृत सूचनेवरूनच टिपून ठेवा.

एक सूचना आग्रहाने. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, हे सगळं जानेवारीतच काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्रांवर रांगा असतात.

पायरी सहावी: घरचं गणित आणि लोकलचं

अनुदानित आणि विनाअनुदानित अभ्यासक्रमांच्या फीत मोठा फरक असतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र यांसारखे जुने विभाग अनेक ठिकाणी अनुदानित आहेत, नवे अभ्यासक्रम बहुधा नाहीत. फीबरोबर प्रयोगशाळा शुल्क आणि प्रकल्पाचा खर्च वेगळा पडतो का ते विचारा. महाडीबीटी संकेतस्थळावर तुमचा नेमका अभ्यासक्रम शिष्यवृत्तीच्या यादीत आहे का हे प्रवेशाआधी तपासा. पुढे पीएच.डी. करणार असाल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती ठाऊक असू द्या.

प्रवासाचा विचार मुलं करत नाहीत, पण प्रयोगशाळेचं काम पाचच्या ठोक्याला संपत नाही. बदलापूर किंवा विरारहून रोज कुलाब्याला जाणाऱ्या मुलीला संध्याकाळी सात वाजता जेल (डीएनए किंवा प्रथिनं वेगळी करायचा प्रयोग) चालू असताना निघावं लागलं, तर प्रकल्प तिच्या हातून निसटतो. तेवढ्यासाठी चांगला विभाग सोडा असं म्हणत नाही. शेवटच्या सत्रापुरतं वसतिगृह, मावशीचं घर किंवा दोघी-तिघींत खोली, याची सोय आधीच विचारात घ्या.

आई-बाबांशी बोलताना दुसऱ्या पायरीतला तो तीन रकान्यांचा कागद समोर ठेवा. "मला आवडतं" यावर घरी वाद होतो. "या पदाला ही पदवी लागते, इथे इतकी फी आहे, दोन वर्षांनी मी हे करणार" यावर बोलणं होतं. बाबांना जाहिरात वाचायला द्या. डॉक्टर व्हायचं राहिलं म्हणून जीवशास्त्राकडे आलेल्या मुलांच्या घरी हे बोलणं विशेष गरजेचं असतं, कारण तिथे एम.एस्सी.कडे अजून तडजोड म्हणूनच बघितलं जातं.

पायरी सातवी: प्रवेश झाल्यावरची निवड

ऐच्छिक विषय आणि प्रकल्प यांतून तुमची खरी शाखा ठरते. प्राणिशास्त्रात प्रवेश घेऊन रेणवीय जीवशास्त्रातला प्रकल्प केलेली मुलं कर्करोग संशोधनात गेली आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं खाडीतल्या गाळातल्या जिवाणूंवर काम करून पर्यावरणाकडे वळली आहेत. हवी ती शाखा मिळाली नाही तर वर्ष फुकट घालवण्याआधी हा मार्ग तपासा.

त्यासाठी पहिल्या सत्रातच तीन-चार मार्गदर्शकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचा आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यांना लिहा. पत्र छोटं असू दे: तुम्ही कोण, त्यांचा कोणता निबंध वाचला, त्यातलं काय समजलं आणि काय नाही, तुम्हाला कोणत्या महिन्यांत किती तास देता येतील. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवू नका, तो वाचता क्षणी ओळखू येतो. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. होकार आला तर महाविद्यालयाचं शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत आणि संस्थेच्या फॉर्मवरच्या सह्या यांत सहज महिना जातो, म्हणून मे महिन्यात काम सुरू करायचं असेल तर मार्चमध्ये कागदपत्रं पुढे सरकलेली हवीत.